घरातल्या पाच जणांचे डोळे: आधी कोणाचे तपासायचे?

ऐरोलीला राहणाऱ्या आणि तिथल्याच आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या ४४ वर्षांच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवसभर एसीत संगणकासमोर बसून संध्याकाळी डोळ्यांची आग होते, मोबाइल लांब धरून वाचावा लागतो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का? १० वर्षांच्या मुलाचा नंबर वर्षभरात उणे १ वरून उणे २.५ झाला. सासूबाई ६७ वर्षांच्या, ११ वर्षांपासून मधुमेह. मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबल्या आहेत. यजमानांचे डोळे वरचेवर लाल होतात, मग ते मेडिकलमधून थेंबांची एक बाटली आणतात आणि दोन दिवसांत बरे वाटते. आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ: वडिलांना काचबिंदू होता, सध्या ते ठाण्याला भावाकडे असतात.

ताई, तुम्ही ज्या क्रमाने लिहिलेत त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने उत्तर देतो. आग होणे, खुपणे, पाणी येणे, डोळे जड होणे यांमुळे माणूस डॉक्टरकडे जातो, पण यांनी नजर जाणे विरळाच. काचबिंदू आणि मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) होणारी खराबी हे दोन्ही नजर कायमची नेतात आणि सुरुवातीची कित्येक वर्षे काहीच जाणवू देत नाहीत. म्हणून तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची आहे.

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. या नसेत साधारण १० ते १२ लाख धागे असतात. बहुतेक रुग्णांत कडेचे दृश्य पोचवणारे धागे आधी जातात, मधली नजर अगदी शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसालाही पुढे गेलेला काचबिंदू असू शकतो. एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा दाखवतो, उरलेली रिकामी जागा मेंदू आपणच भरून घेतो. लक्षात येते तेव्हा जिन्याची पायरी चुकलेली असते किंवा बाजूने येणारी रिक्षा दिसलेलीच नसते. मेलेले धागे परत येत नाहीत. औषध, लेझर आणि ऑपरेशन या तिन्हींचा हेतू उरलेले धागे राखणे एवढाच असतो.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर स्वतःला होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. चाळिशी उलटली की ही तपासणी तुम्हाला हवीच, आणि तुमच्या भावालाही. ती नेमकी काय असते हे माहीत असू द्या, कारण अर्धवट तपासणी होण्याची शक्यता बरीच असते. चष्म्याच्या दुकानात किंवा सोसायटीतल्या शिबिरात सहसा नंबर काढतात, फार तर हवेच्या झोताने प्रेशर मोजतात. डोळ्याचे प्रेशर सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असते, पण १६ प्रेशर असूनही नस खराब होत जाणारे रुग्ण असतात आणि २४ असूनही नस धडधाकट असणारेही असतात. त्यात बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची (कॉर्नियाची), जाडी आडवी येते. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. बुबुळ पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवते. म्हणून प्रेशर, बुबुळाची जाडी, कोनाची तपासणी, नसेची तपासणी आणि शंका असेल तर नजरेच्या क्षेत्राचा आलेख व ओसीटी (नसेच्या थरांची जाडी दाखवणारे स्कॅन), एवढे झाले तर तपासणी पुरी झाली असे म्हणता येते.

यातली कोनाची तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. बधिर करणारा थेंब टाकून डोळ्यावर आरशाची एक भिंग टेकवतात आणि आतले पाणी जिथून बाहेर निचरते तो कोन उघडा आहे की चिंचोळा ते पाहतात. दोन मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. कोन चिंचोळा असण्याचा प्रकार आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो आणि त्याचा उपचार निराळा असतो: बुबुळामागच्या रंगीत पडद्याला लेझरने बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून देतात. क्षेत्राच्या आलेखात एक डोळा झाकून, समोरच्या बिंदूवर नजर ठेवून, कडेला प्रकाश चमकला की बटण दाबायचे असते. पहिल्या वेळी तो बहुतेकांचा बिघडतो, कारण माणूस प्रकाश शोधायला डोळा फिरवतो. पहिला आलेख वाईट आला म्हणून घाबरू नका. डॉक्टर तो पुन्हा करून घेतीलच.

तपासणीत काही नाही निघाले तर दर एक-दोन वर्षांनी परत. निघालेच, तर थेंब बहुधा कायमचे, आणि ते कसे टाकता यावर बरेच अवलंबून. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करायची, एकच थेंब सोडायचा. डोळ्याच्या खोबणीत थेंबाचाही पुरा भाग मावत नाही, त्यामुळे दोन-तीन थेंब टाकणे म्हणजे औषध गालावर घालवणे. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. नाहीतर औषध नाकात उतरून रक्तात जाते. टिमोलॉल असलेले थेंब या वाटेने दमेकऱ्याला धाप आणू शकतात आणि मंद नाडी आणखी मंद करू शकतात. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगायचा तो यासाठीच. दोन निरनिराळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. वडील थेंब नेमाने घालतात का, बाटली महिन्याच्या मानाने संपते का, एवढे भावाला विचारा. दुखत नाही म्हणून थेंब सोडून देणारे असंख्य असतात.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र दुखतो, आणि भयंकर दुखतो. कोन अचानक बंद झाला की काही तासांत डोळा लाल, त्या बाजूचे कपाळ ठणकते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. घरचे लोक याला पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्रभर थांबतात. लाल डोळा, अंधूक नजर आणि उलटी एकत्र आली तर त्याच रात्री डोळ्याचा डॉक्टर असलेल्या रुग्णालयात जायचे.

आता यजमान. थेंब टाकल्यावर ‘दोन दिवसांत बरे’ हे वाचूनच त्या बाटलीत स्टेरॉइड असेल असे वाटते. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड. बहुतेकदा ते अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असते आणि दुकानदार त्याला ‘लाल डोळ्याचे औषध’ म्हणून देतो. कोणत्याही कारणाने आलेला लालपणा ते उतरवते, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण काही आठवडे सतत घातल्यावर दर तिघांपैकी साधारण एकाचे प्रेशर कमी-अधिक वाढते, थोड्या लोकांचे तर फारच. वर्षानुवर्षे घातल्यास डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. आणि लालपणाचे कारण बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो बुबुळात खोल पसरतो. हे औषध वाईट नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर आम्हीच ते देतो, पण तारखा आणि उतरता डोस लिहून, प्रेशर मोजत. यजमानांची बाटली घेऊन जा, किती महिने वापरली ते प्रामाणिकपणे सांगा आणि प्रेशर मोजून घ्या. दुसऱ्या प्रकारची बाटली असेल, नॅफॅझोलिन किंवा तत्सम असलेली, तर ती रक्तवाहिन्या आकसून डोळा पांढरा करते आणि परिणाम उतरला की डोळा आधीपेक्षा जास्त लाल होतो. मग पुन्हा थेंब, पुन्हा लाल.

वरचेवर लाल होण्याचे मूळ कारण बहुधा साधे निघेल: घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडची धूळ, पापण्यांच्या मुळाशी साचणारा कोंडा, ॲलर्जी, कोरडेपणा. नाकाच्या बाजूने बुबुळावर गुलाबी त्रिकोणी पडदा चढत असेल, ज्याला लोक ‘मांस वाढणे’ म्हणतात, तर तो उन्हात आणि वाऱ्यात काम करणाऱ्यांत जास्त दिसतो. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या मच्छीमारांत तर ओळखीचाच. तो बाहुलीकडे सरकू लागला किंवा तिरपा नंबर (सिलिंडर) वाढवू लागला तरच काढायचा. नुसता खरवडून काढला तर परत येण्याचे प्रमाण मोठे असते, म्हणून त्या जागी डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरचे पातळ कातडे बसवतात. ऑपरेशनआधी हे विचारून घ्या.

सासूबाईंच्या बाबतीत मोतीबिंदूपेक्षा पडदा आधी. टाइप २ मधुमेह कळला त्याच दिवशी पडद्याची पहिली तपासणी व्हायला हवी आणि नंतर दरवर्षी, कारण या प्रकारात साखर किती वर्षांपासून वाढलेली होती हे कोणालाच ठाऊक नसते. ११ वर्षांत त्यांची बाहुली मोठी करून पडदा कधी पाहिला गेला का, हे कागदांत शोधा. नसेल तर याच आठवड्यात घेऊन जा. मधुमेहाने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, नंतर बंद पडतात, आणि उपाशी पडद्याला रक्त द्यायला ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात. त्या एके दिवशी फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते. हे घडायच्या आदल्या दिवसापर्यंत नजर चांगली असू शकते. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. सुरुवातीला महिन्यामहिन्याने अशी अनेक द्यावी लागतात, एक देऊन थांबले की सूज परतते आणि घरचे म्हणतात इंजेक्शनचा उपयोग झाला नाही. नव्या वाहिन्यांवर लेझर. लेझरने नजर सुधारत नाही, ती जायची थांबते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण नाराज होतात. साखरेइतकाच रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा अहवालही पाहावा लागतो. पायावर सूज आणि पडद्यावर सूज एकत्र असेल तर नुसत्या डोळ्याच्या उपचाराने काम होत नाही.

आणखी एक: साखर खूप वर-खाली होत असताना नवीन चष्मा करू नका. वाढलेल्या साखरेने लेन्स फुगते आणि नंबर बदलतो. महिना-दीड महिना साखर स्थिर राहिली की मग नंबर काढा.

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचा काळ जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनबरोबर गेला. तेव्हा मोठी चीर देऊन अख्खी लेन्स बाहेर काढत आणि टणक लेन्स काढायला सोपी जाई. आता फेको या पद्धतीत २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी लेन्स फोडून ओढून घेतात. लेन्स जितकी पिकून कडक, तितकी जास्त ऊर्जा वापरावी लागते आणि बुबुळाच्या आतल्या पेशींना तितकी इजा होते. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पुरता पांढरा झालेला मोतीबिंदू फुगून प्रेशरही वाढवतो. आणि मधुमेहींसाठी सर्वांत मोठे कारण म्हणजे मोतीबिंदू दाट झाला की त्यातून पडदाच दिसत नाही, त्यामुळे तिथे काय चालले आहे ते कळत नाही. ऑपरेशन कधी, याचे उत्तर साधे आहे: पोथी वाचता येत नाही, तांदूळ निवडता येत नाहीत, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, जिना उतरायची भीती वाटते, असे झाले की. ऋतूचा काही संबंध नाही. ‘थंडीत करू’ हे जुन्या टाक्यांच्या काळातले आहे. एक फसवी खूण मात्र असते. काहींना मोतीबिंदू वाढताना जवळचे चष्म्याशिवाय दिसू लागते आणि घरात कौतुक होते, पण ती नजर परत आलेली नसते, लेन्सचा नंबर उणेकडे सरकलेला असतो.

ऑपरेशनमध्ये बसवायची कृत्रिम लेन्स निवडताना लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारी महागडी लेन्स सुचवली जाऊ शकते. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल किंवा काचबिंदू असेल तर ती टाळलेली बरी, कारण ती येणारा प्रकाश वाटून देते आणि अशा डोळ्यांची फिकट-गडद ओळखण्याची ताकद आधीच कमी झालेली असते. साधी एकनंबरी लेन्स आणि वाचायला चष्मा हा त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे. तिरपा नंबर जास्त असेल तर टॉरिक लेन्सचा विचार करता येतो. लेन्सचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर लावतात, तो कागद जपून ठेवा. पडद्यावर सूज असेल तर आधी तिचा उपचार, मग मोतीबिंदू. घरात कोणा पुरुषाचे ऑपरेशन असेल आणि लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, तर ते सर्जनला नक्की सांगा. त्या गोळीने रंगीत पडदा लुळा पडतो आणि ऑपरेशन अवघड होते. गोळी बंद करून फारसा फरक पडत नाही, सर्जनला आधी माहीत असणे महत्त्वाचे.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस किंचित खुपणे, पाणी येणे चालते. दुखणे वाढत जाणे, लाली वाढणे आणि काल दिसत होते त्यापेक्षा आज कमी दिसणे चालत नाही. हे आतल्या संसर्गाचे लक्षण असू शकते आणि त्यात तासांचा हिशेब असतो. रविवार असो की दिवाळी, फोन करून निघायचे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झाले तर बहुधा लेन्समागच्या पिशवीवर जाळी धरलेली असते; ती लेझरने काही मिनिटांत उघडते, चिरफाड नसते. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय हे सरकारी पर्याय तुमच्यापासून दूर नाहीत.

मुलाचा नंबर वर्षात दीडने वाढणे हे वेगवान आहे. डोळ्याचा गोळा लांबट होत जातो म्हणून उणे नंबर वाढतो, आणि लांबलेला गोळा परत आखूड होत नाही. उणे ६ च्या पुढे गेल्यावर पडदा ताणून विरळ होतो, फाटण्याचा आणि निसटण्याचा धोका वाढतो. चष्म्याची काच जाड होते हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. आधी वाढ खरी आहे का ते पाहा. मुले नंबर काढताना डोळ्याचा स्नायू आवळून उणे नंबर जास्त दाखवतात, म्हणून स्नायू सैल करणारे औषध घालून नंबर काढायला हवा. डोळ्याची लांबी यंत्राने मोजून नोंद करून ठेवा, दर सहा महिन्यांनी तुलना करता येते. नंबर तिरपा वाढत असेल आणि मुलगा डोळे सतत चोळत असेल तर बुबुळाचा नकाशा काढून घ्या. चोळण्याने बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा आजार या वयातच मूळ धरतो. उन्हाळ्यात खाज सुटते त्या मुलांवर इथे विशेष लक्ष हवे, आणि खाजेवर पुन्हा तेच स्टेरॉइड नको.

वाढ खरी असेल तर तीन गोष्टी करता येतात. पहिली फुकट आहे: रोज दोन तास मोकळ्या आकाशाखाली. मैदानी खेळच पाहिजेत असे नाही, उजेड महत्त्वाचा. घरात ट्यूबलाइटखाली ३००-५०० लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंत. तैवानने २०१० पासून शाळांना मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढायला सांगितले आणि कमी दिसणाऱ्या मुलांचे वर्षानुवर्षे चढत गेलेले प्रमाण त्यानंतर उतरू लागले. स्टिल्ट पार्किंगमधले क्रिकेट यात धरू नका, तिथे डोक्यावर स्लॅब असतो. पावसाळ्याचे चार महिने ही आपल्याकडची खरी अडचण; पण ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, तेव्हा सरींच्या मधला वेळ साधा. शाळा, क्लास आणि परत क्लास यात दोन तास कुठून काढायचे, हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. एक क्लास कमी करून, असेच उत्तर आहे.

दुसरी, कमी ताकदीच्या ॲट्रोपिनचे थेंब: ०.०१ ते ०.०५ टक्के, रात्री झोपताना एक. ०.०५ चा परिणाम जास्त, पण उजेडाने दिपणे आणि जवळचे धूसर होणे हा त्रासही थोडा जास्त. निदान दोन वर्षे घालावे लागतात आणि मध्येच एकदम सोडले तर नंबर पुन्हा उसळतो. तिसरी, कडेचा प्रकाश वेगळ्या तऱ्हेने केंद्रित करणाऱ्या खास काचांचा चष्मा. महाग आहे, पण उपयोगाचा. ‘नंबर वाढू नये म्हणून थोडा कमी नंबरचा चष्मा द्या’ हा आग्रह धरू नका. त्याने वाढ थांबत नाही, काही अभ्यासांत उलट वाढलेली दिसली. पुस्तक डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर, पडून वाचणे नाही. गाजर, त्राटक आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी उणे नंबर जात नाही. घरात त्याच्यापेक्षा लहान भावंड असेल तर त्याचीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा तपासणी करा. एका डोळ्याचा नंबर जास्त असला तर मूल तक्रार करत नाही, मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि सात-आठ वर्षांनंतर तो आळशी डोळा सुधारणे कठीण होत जाते. फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी दाखवा. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

आता तुम्ही. आग होण्याचे कारण संगणकाचा प्रकाश नाही. एरवी मिनिटाला १५-२० वेळा पापणी लवते, स्क्रीनवर टक लावली की ५-७ वर येते आणि तीही अर्धवट मिटते. पापण्यांच्या कडांना तेलाच्या ग्रंथी असतात. पूर्ण मिटण्याने त्या पिळल्या जातात आणि अश्रूंवर तेलाचा थर पसरतो. मिटणे अर्धवट राहिले की तेल आतच गोठते, पाणी उडून जाते, एसीचा झोत उरलेले काम करतो. मग डोळे कोरडे पडून उलट पाणी येऊ लागते. निळ्या प्रकाशाच्या चष्म्याबद्दल: २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा ताण कमी होताना दिसला नाही. ते पैसे वाचवा.

काय करायचे ते असे. स्क्रीन ५० ते ७० सेंटिमीटर लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदला किंवा झडप वळवा. २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहताना १० वेळा पापण्या पूर्ण, दाबून मिटा. नुसते लांब पाहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. रात्री कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे, गार झाला की पुन्हा गरम. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर बोटाने हलके दाबत तेल बाहेर काढा. महिनाभर रोज केल्याशिवाय फरक कळत नाही, आणि चौथ्या दिवशी कंटाळून सोडणारेच जास्त. कृत्रिम अश्रू, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट, दिवसातून तीन-चार वेळा चालतात. त्याहून जास्त लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्या, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचे परिरक्षकच डोळ्याला सोलवटते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साधारण महिन्याने ती टाकायची, औषध उरले तरी. सोबत तोंडही कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील तर तसे सांगा. त्यामागे निराळा आजार असू शकतो. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात नको.

मोबाइल लांब धरणे म्हणजे चाळिशी, आजार नाही. चष्मा लावल्याने ती वाढत नाही, न लावल्याने थांबत नाही. पण नंबर काढताना सांगा की दिवसाचे आठ तास ६०-६५ सेंटिमीटरवर बघायचे आहे. वाचायचा नंबर ४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो, त्याने स्क्रीन धूसर दिसते. आणि प्रोग्रेसिव्ह काचेत स्क्रीनसाठीचा भाग चिंचोळा असल्याने माणूस हनुवटी वर करून बघत बसतो आणि मान धरते. स्क्रीनसाठी वेगळा चष्मा केला की तुमचा निम्मा थकवा जाईल असा माझा अंदाज आहे.

डोळे येण्याच्या साथीबद्दल थोडेसे, कारण २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ती पसरली होती आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून रोज जाणाऱ्यांना ती टाळणे सोपे नाही. डोळे आलेल्या माणसाकडे पाहून ती लागत नाही. लागते हँडल, टॉवेल, उशी, मोबाइल आणि मग स्वतःचे बोट डोळ्याला लावून. गॉगलने इतरांचे रक्षण होत नाही. विषाणूची साथ एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते, थंड शेक आणि कृत्रिम अश्रू पुरतात. दुखू लागले, उजेड सहन होईना, कमी दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर ती नुसती साथ राहिलेली नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर लेन्स तत्क्षणी काढायची आणि तपासून घ्यायचे. लेन्स घालून पोहणे, अंघोळ करणे, पावसात भिजणे आणि नळाच्या पाण्याने लेन्स धुणे हे सगळे बुबुळाच्या चिवट संसर्गाचे निमंत्रण आहे.

थांबू नये अशा गोष्टी: अचानक काळे ठिपके आणि विजेसारख्या चमका, कडेने पडदा सरकल्यासारखा अंधार, म्हणजे पडदा फाटत किंवा निसटत असेल. नुसता फाटला असेल तेव्हा लेझरने भागते, निसटल्यावर मोठे ऑपरेशन. एका डोळ्याची नजर दुखल्याशिवाय अचानक जाणे हे पक्षाघातासारखेच समजून मोठ्या रुग्णालयात न्यायचे. सरळ रेषा, म्हणजे खिडकीचे गज किंवा लाद्यांच्या कडा, वाकड्या दिसणे ही पडद्याच्या मध्यभागाची तक्रार. एकेक डोळा झाकून महिन्यातून एकदा सासूबाईंना गजांकडे पाहायला सांगा. रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये ग्राइंडिंग करणारे कोणी ओळखीचे असेल तर साध्या चष्म्याऐवजी बाजूने झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल. काही घुसले असेल तर धुवायचे नाही, दाबायचे नाही, कागदी कपाचा तळ वरून झाकून न्यायचे. आणि तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुड्या मुलांच्या हातात पडू देऊ नका; पुडी दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो. चुना किंवा ॲसिड गेले तर आधी डॉक्टर शोधायचा नाही. नळाखाली डोळा धरून, पापणी उलटून, निदान २० ते ३० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे आणि चुन्याचे कण ओल्या कापसाने काढायचे. रुग्णालयात पोचेपर्यंत चुन्यातली अल्कली बुबुळात उतरत असते, आणि नंतरची कोणतीही शस्त्रक्रिया त्या पहिल्या अर्ध्या तासाची जागा घेऊ शकत नाही.

तपासणीला जाताना सर्वांचे जुने चष्मे, मुलाचे मागचे नंबरचे कागद, सासूबाईंचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल) आणि चालू गोळ्यांची यादी, वडिलांच्या थेंबांचे नाव आणि यजमानांची ती बाटली बरोबर असू द्या. तुमचा कोन तपासून झाल्याशिवाय बाहुली मोठी करणारे थेंब घालू नका असे आधीच सांगा. चिंचोळ्या कोनात त्याच थेंबांनी झटका येऊ शकतो. ते घातल्यावर अर्धा तास बसावे लागते आणि पुढचे चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते, ऊन सहन होत नाही. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, संध्याकाळची वेळ घ्या, आणि सही करायचे कागद दुसऱ्या दिवशी.